चारशे फुटांतली रांग

१

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली होती, तरी प्रसिद्धी खात्याच्या खुर्च्यांच्या पाठीवर अजून 'उस्मानाबाद' असंच रंगवलेलं होतं. ऑफिस एकीकडं, साहेब दुसरीकडं, आणि फिल्मांचे डबे तिसरीकडंच, गंजगोलाईच्या बाजारामागं एका डाळमिलला चिकटलेल्या गोदामात. ते गोदाम म्हणजे लिंबाजीचं राज्य. खात्याच्या गाडीतून गावोगाव जाऊन खतांचे, लसीकरणाचे सिनेमे दाखवायचे, आणि गाडी नसेल त्या दिवशी गोदामात बसून फिल्मा तपासायच्या, ही त्याची नोकरी.

तपासायची रीत ठरलेली होती. फिल्म एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर हातानं फिरवायची आणि मध्ये मऊ फडक्याच्या चिमटीत धरायची. कडेचं भोक तुटलेलं असलं की बोटाला कळायचं. थांबायचं, खराब चित्र कात्रीनं उडवायचं, दोन टोकं चिकटवायची. सेकंदाला चोवीस चित्रं पळतात, त्यातलं एखादं गेलं तर कुणाच्या बापाला कळतं! खात्याची एकही फिल्म अशी नव्हती, जिच्यातली पाचपंचवीस चित्रं लिंबाजीनं खाल्ली नव्हती.

आणखी एक सवय होती. त्या साली पाण्याची बोंब होती तशीच विजेचीही होती. खेळ चालू असताना वीज गेली की लिंबाजी मशीनचं बटण बंद करत नसे. वीज आली की चित्र आपोआप पुढं सरकायचं आणि पब्लिकच्या शिव्या वाचायच्या. चांगली नऊ-दहा वर्षं मुरलेल्या ऑपरेटरांनी ही युक्ती त्याला शिकवली होती.

मार्चातल्या एका सोमवारी व्यंकटराव गोदामात आले. साठी उलटलेला, मूळ देगलूरचा, हयात हैदराबादेत काढलेला माणूस. कुणी जुनी नाणी जमवतं, तसे हे जुन्या फिल्मा जमवायचे. नांदेडच्या कुणीतरी लिंबाजीचा हात हलका आहे असं सांगितलं म्हणून शोधत आले होते. त्यांनी काखेतला पत्र्याचा गोल डबा टेबलावर ठेवला, पण हात काही त्याच्यावरून काढला नाही.

"'हजेरी' म्हणून फिल्म आहे. फक्त अकरा मिनिटांची, आवाज नाही," ते म्हणाले. "निलंग्याचा मन्मथ म्हणून एक पोरगा पुण्याला सिनेमा शिकायला गेला होता. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात गावाकडं आला, मुरुडजवळ दुष्काळी कामावर गेला, उसना कॅमेरा बंधाऱ्यासमोर ठेवला आणि चालू करून बाजूला झाला. एवढीच फिल्म. एकदा दाखवली तर लोक अर्ध्यातून उठून गेले. पुन्हा त्यानं काही काढलं नाही."

"मग असल्या फिल्मला कोण विचारतंय, साहेब?"

"कोण विचारतंय?" व्यंकटराव हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "कलकत्त्याचे विचारतात, मद्रासचे विचारतात. जर्मनीचा एक गोरा दोन दिवस माझ्या ओट्यावर बसून होता. दुनियेत एकच प्रत आहे हिची."

डब्याच्या झाकणावर चार वेगवेगळ्या हातांनी चार आकडे लिहिले होते. ३९१ फूट, ३९३, ३९६, ३९९. आधीच्या चार मालकांनी आपापल्या वेळी मोजलेली लांबी. प्रत्येकाला वाटत होतं की आधीचा मोजायला चुकला.

"जुनी फिल्म आटते, साहेब," लिंबाजी म्हणाला. "वाढत न्हाई."

"हौ, मला पण तेवढं कळतं. तुम्ही भोकं तेवढी पट्टी लावून नीट करा. पण एकही चित्र कापायचं नाही, लिंबाजीराव. आणि चालवून बघायची नाही, हातानंच फिरवा. मी पुढच्या आठवड्यात गुरुवारी येतो."

चालवल्याशिवाय दुरुस्ती झाली की नाही हे कळणार कसं, असं लिंबाजी विचारणार होता. पण म्हातारा तोवर दाराबाहेर पडला होता. लिंबाजीनं फूट मोजायच्या यंत्रातून फिल्म फिरवली. बरोबर चारशे भरली.

२

मंगळवारी डाळमिलला सुट्टी असे. एरवी पट्ट्याच्या खडखडाटानं भिंती हलायच्या, त्या दिवशी गोदामात चिमणीचं पाऊलही ऐकू येई. भोकांना पट्ट्या लावून झाल्या होत्या. चालवू नका म्हणाले म्हणजे काय, दुरुस्ती करणाऱ्यानं पाहायचं नाही तर कुणी? लिंबाजीनं दाराखिडक्यांना आतून घोंगडी लावली आणि मशीन सुरू केलं.

चुन्याच्या भिंतीवर बंधारा उभा राहिला. पायथ्याला दगडावर मुकादम बसलेला, मांडीवर हजेरीचं बुक, मान खाली. उजवीकडून बायांची रांग येते. डोक्यावर मुरमाची पाटी. मुकादमाचे ओठ हलतात, बाई थांबते, काहीतरी बोलते, मग तिरकी वाट चढून बंधाऱ्यावर जाते आणि पलीकडं उतरते. मग दुसरी. मग तिसरी. सगळ्या पाठमोऱ्या. बास, हेच अकरा मिनिटं.

पाचव्या मिनिटाला लिंबाजीच्या लक्षात आलं की कुणीच परत येत नाही. मुरूम बंधाऱ्यावर टाकायचा आणि रिकामी पाटी घेऊन त्याच वाटेनं खाली यायचं, अशीच कामं त्यानं पाहिली होती. इथं सगळ्या नुसत्या वर जात होत्या. पलीकडून उतरायची वाट असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. आणि तेवढ्यात त्याला ती दिसली.

पाठमोरीच होती. पण पाटी डावीकडं कललेली, उजवा हात पाटीला आणि डाव्यात पदराचं टोक, असं चालणारी एकच बाई त्यानं जन्मात पाहिली होती. त्याची माय, भामाबाई.

त्र्याहत्तरच्या वैशाखात त्या बंधाऱ्याची दरड कोसळली आणि माय तिच्याखाली गेली. लिंबाजी तेव्हा चौदा वर्षांचा, नांदेडच्या बोर्डिंगात शिकायला. निरोप पोचून तो मुरुडला उतरेपर्यंत सगळं उरकलं होतं. तिचा एकही फोटो नव्हता. घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, खाली बापाचा फोटो होता, आणि त्याच्या शेजारची जागा तेरा वर्षं तशीच होती. फिल्म संपून टोक चकतीवर फटफट आपटायला लागलं तरी लिंबाजी उठला नाही. तो रडत होता, आणि रडताना त्याला फार बरं वाटत होतं.

३

बुधवारी रजा टाकून तो एसटीनं लोह्याला गेला. थोरली बहीण सरजाबाई तिथं दिलेली होती. सरकारी दवाखान्यात आया होती. लहानपणापासून तिचा डावा पाय जरा आखूड, तेवढी लंगडून चालायची, पण कामाला वाघीण.

"आक्का, माय घावली," त्यानं सांगितलं, आणि मग सगळं सांगितलं.

सरजाबाईनं हातातलं काम खाली ठेवलं. मग विचारलं, "तोंड दिसतं का तिचं?"

"न्हाई. पाठच दिसती."

"मला तिचं तोंडच आठवंना झालंय, लिंबा. लई आठवून बघते. आवाज येतो, तोंड येत न्हाई." तिनं पदर डोळ्याला लावला. "माझ्या जागी गेल्ती रे ती."

हे लिंबाजीला ठाऊक होतं, तरी तिनं पुन्हा सांगितलं. कामावर टोळ्या असायच्या. टोळीतलं एक माणूस कमी पडलं तर सगळ्या टोळीचा खाडा. म्हणून कुणी आजारी पडलं की घरातलं दुसरं माणूस बदली म्हणून उभं राहायचं. मुकादम नाव मूळ माणसाचंच पुकारायचा, 'हजर' मात्र बदलीचं माणूस म्हणायचं. मूळ माणूस बरं होऊन आलं की बदलीनं पाटी त्याच्या डोक्यावर द्यायची आणि आपण घरी जायचं.

"तीन दिवस ताप व्हता मला. चौथ्या दिशी उतरला. मी जाते म्हणलं, तर म्हणली, पड आजचा दिवस. त्याच दिशी दरड आली." तिनं लिंबाजीचा हात धरला. "तिचं तोंड मला आणून दे, लिंबा. कसं बी कर."

४

शुक्रवारपर्यंत लिंबाजीनं फिल्म सात वेळा चालवली. भिंतीवर पाहायचं, मग भिंगाखाली एकेक चित्र तपासायचं. मंगळवारी माय पूर्ण पाठमोरी होती, याची त्याला खात्री होती. गुरुवारी तिचा कान दिसला. शुक्रवारी गाल. आधी आपलं लक्ष गेलं नसेल, असं तो मनाशी म्हणाला. तेच चित्र शंभरदा पाहिलं की माणसाला नवीन काहीतरी दिसतंच. यंत्र आता चारशे दोन दाखवत होतं. खात्याचं यंत्र, खुर्च्यांच्याच बरोबर उस्मानाबादेहून आलेलं, त्यावर कोण भरवसा ठेवणार?

सातव्या खेपेला बंधाऱ्याच्या माथ्याजवळ तिनं मान वळवली. एका चित्रापुरती, फक्त एका. तिचं अख्खं तोंड कॅमेऱ्याकडं होतं.

फिल्म बाहेर द्यायची नाही, आणि फोटो काढायचा तर तेवढं चित्र हवं. व्यंकटरावांचे शब्द त्याला आठवत होते. पण हात सवयीचा होता. त्यानं ते चित्र कापलं, दोन टोकं जोडली, सांध्यावर अंगठा दाबून धरला. चोवीसातलं एक.

गोलाईतल्या दगडोबा फोटोवाल्यानं शनिवारी मोठा फोटो करून दिला. "तुमच्याच तोंडवळ्याची हाय की," तो म्हणाला, आणि मग फोटो जरा लांब धरून बघत राहिला. "पण घाबरलेली दिसते. कुणाला तरी येऊ नको म्हणायलीय, असं वाटतंय."

"पाटी जड व्हती," लिंबाजी म्हणाला.

रविवारी तो फोटो घेऊन लोह्याला गेला. सरजाबाईनं फोटो छातीशी धरला, मग भिंतीला टेकवून ठेवला, मग पुन्हा उचलला. "हीच रे, हीच," एवढंच म्हणत राहिली. तेरा वर्षांत लिंबाजीनं तिला इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. तिला शुक्रवारपासून ताप होता. हाताला फोड आले होते, ते पाहून त्यानं विचारलं तर म्हणाली, दवाखान्यात टँकरचं पाणी येतंय, बादल्या उचलाव्या लागतात. तिचे केस मातीनं भुरकट झाले होते. लोह्यात धूळ कमी आहे का, असं लिंबाजीनं मनाशी म्हटलं.

"मला ती चालताना बघायचीय," निघताना ती म्हणाली. "एकदा दाखव."

"दाखवतो की," तो म्हणाला.

५

गुरुवारी दुपारी व्यंकटराव यायचे होते. त्याआधी लिंबाजीनं फिल्म पुन्हा मोजली. चारशे सहा. यंत्र सोडून त्यानं खात्याच्या टेपानं पहिले शंभर फूट जमिनीवर मोजून पाहिले, ते बरोबर होते. मग त्यानं घोंगडी लावली.

रांग आली. मायची जागा आली, आणि ती रिकामी होती. एक चित्र कापलं होतं, एक. पण अख्ख्या फिल्ममधून बाई गेली होती, आणि पुढची बाई आणि मागची बाई यांच्यात एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून रांग चढत होती. मग मुकादमानं मान वर केली. इतक्या वेळा पाहिलं होतं, त्यानं कधी मान वर केली नव्हती. त्याचे ओठ हलले. तो थांबला. पुन्हा हलले.

डावीकडून, जिकडून कुणी येत नसे, एक बाई घाईघाईनं आली. डोक्यावर पाटी नव्हती. ती रिकाम्या जागेत शिरली आणि चढू लागली. प्रत्येक दुसऱ्या पावलाला तिचा खांदा खाली जात होता. डावा पाय आखूड असलेल्या माणसाचा जातो तसा.

लिंबाजीनं बटणाकडं हात नेला, पण वीजच गेली. मिल थांबली, दिवा विझला, भिंत काळी झाली. ती माथ्यापासून तीन पावलांवर होती. तो अंधारात तसाच बसला. लंगडणाऱ्या बाया काय एक का असतात, दुष्काळी कामावर शंभर बाया असतील. हे तो स्वतःलाच दोनदा मोठ्यानं म्हणाला.

घोंगडं सरकलं आणि व्यंकटराव आत आले. मशीनवर चढवलेली फिल्म आणि लिंबाजीचं तोंड पाहून ते दारातच थांबले.

"कापलंत."

"एकच चित्र, साहेब. माझी माय व्हती."

म्हातारा खुर्चीत बसला. आवाजात राग नव्हता. "मी पण एकच कापलं होतं. नीलम्माचं, माझ्या बायकोचं. ती हैदराबादेत वारली. मुरुड कुठं आहे हे तिला ठाऊक नव्हतं. तरी त्या रांगेत होती. मी तिला काढलं, आणि तिच्या जागी तिची धाकटी बहीण आली, गौरम्मा. जिवंत, हसतीखेळती. फिल्म जेवढी चालवावी तेवढी ती वर. लिंबाजीराव, लोकांना वाटतं आम्ही ही फिल्म बघायला घेतो. दुसऱ्या कुणी चालवू नये म्हणून घेतो आम्ही. डबा बंद असला की माणूस आहे तिथंच थांबतं. पण मग एक दिवस राहवत नाही. वाटतं, बघावं किती उरलंय."

"गौरम्मा कशा हायत?"

"माघात वर पोचली."

"मग माझ्याकडं कशाला आणली ही?" लिंबाजी ओरडलाच.

"जर्मनीच्या माणसाला नीट करून द्यायची होती. तिकडं कुणाचं कुणी इथं नसेल, असं वाटलं. तुमचं आहे हे मला कसं कळावं?" व्यंकटराव उठले. "कापलेलं चित्र असेल तर परत जोडून बघा. माझं हरवलं होतं. हिला तुम्हीच ठेवा आता."

"आन् नीलम्माबाई?" लिंबाजीनं विचारलं. का विचारलं ते त्यालाही कळलं नाही.

व्यंकटरावांनी टोपी डोक्यावर घातली. "मी देगलूरला राहतो आता," ते म्हणाले. "हैदराबादचं घर बाहेरून कुलूप घालून ठेवलंय."

६

चित्र दगडोबाच्या दुकानात पाकिटात होतं. लिंबाजी चपला घालून दाराबाहेर पडला आणि समोर सरजाबाई उभी. तोंड तापानं लाल, हातात एसटीचं तिकीट. लोह्याहून एकटीच आली होती.

"मला बघू दे तिला," ती म्हणाली. "राहवंना, लिंबा."

"आक्का, आज वीज न्हाई." त्यानं तिला आत नेऊन खुर्चीत बसवलं, माठातलं पाणी दिलं. घोंगडं बाजूला करायला गेला तर म्हणाली, उजेड नको, डोळे दुखतात. "इथनं हलू नको. काही हात लावू नको. मी आलोच."

तो जवळजवळ पळतच गेला. दगडोबा खण उघडून पाकिटं धुंडाळू लागला. लग्नाची, बारशाची, ओळखपत्राची. "घाई काय हाय एवढी? हितंच हाय की." शेवटी एका पाकिटातून नखाएवढा तुकडा निघाला. लिंबाजीनं तो उजेडाला धरला. बंधारा होता, आभाळ होतं. बाई नव्हती.

तेवढ्यात डोक्यावरचा पंखा फिरू लागला. लांबून डाळमिलचा पट्टा धडधडला.

बटण. त्यानं बटण बंद केलं नव्हतं.

गोलाईच्या गर्दीतून तो धावला. हातगाडीला धडकला, कुणीतरी आई काढली. तीन पावलं म्हणजे किती सेकंद, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी तो धावत होता.

घोंगडं सारून तो आत गेला तेव्हा फिल्म संपली होती. टोक चकतीवर फटफट आपटत होतं आणि भिंतीवर नुसता पांढरा चौकोन होता. त्या चौकोनासमोर, त्याच्याकडं पाठ करून, ती खुर्चीत बसली होती. सरजाबाईचंच हिरवं लुगडं. ती आहे, बसलेली आहे, श्वास चालू आहे. 

"आक्का," तो म्हणाला.

"सरजा कुठं हाय रे?" तिनं विचारलं. मान वळवली नाही. "ताप हाय तिला. आजचा दिवस पड म्हणलं व्हतं मी."

ताप डोक्यात गेला, लिंबाजीनं स्वतःला सांगितलं. दवाखान्यात न्यायला हवं, रिक्षा बघायला हवी. माणूस तापात कुणाच्याही आवाजात बोलतं. आवाज ओळखीचा असला म्हणून काय झालं?

ती उठली. डाव्या हातात पदराचं टोक धरलेलं होतं. उजेडातून तिची सावली भिंतीवर पडली, आणि ती वळू लागली. जे तोंड पाहायला तो तेरा वर्षं तरसला होता, ते आता त्याला पाहायचं नव्हतं. त्यानं हात लांब करून मशीनचा दिवा बंद केला.

अंधारात पावलं वाजली. दोन्ही सारखी पडत होती, आणि त्याच्याकडंच येत होती.

"सांग की, लिंबा," ती अगदी जवळून म्हणाली. "कुठं ठेवलंस तिला?"